मेदाची मूलपेशी आणि संप्रेरकांचा अंमल

उत्तरेस अंबाबरव्याचे अरण्य आणि सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, आणि या दोहोंच्या मधोमध कापूस, तूर, सोयाबीन यांनी व्यापलेली काळी जमीन, असा ज्याचा विस्तार आहे त्या बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, किंबहुना वऱ्हाडातील कोणत्याही तालुक्यात, बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचे निरीक्षण केले, तर शेतात राबणाऱ्यांमध्ये स्थूल म्हणावी अशी माणसे थोडीच आढळतील. उन्हाने रापलेली, हाडापेराने काटक परंतु अंगाने सडपातळ, डवरे हाकणारी, निंदण करणारी आणि वेचणीच्या हंगामात कमरेला ओटी बांधून दिवस मावळेपर्यंत कापूस वेचणारी ही माणसे पाहिली म्हणजे, मेद हा विषय यांच्या उपयोगाचा नव्हे, तो शहरातील बैठ्या आणि सुखवस्तू मंडळींचा, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. तथापि अशाच शरीरयष्टीच्या एखाद्या शेतकऱ्याला पायाची जखम भरत नाही म्हणून दवाखान्यात जावे लागते, रक्त तपासले जाते आणि ‘शुगर निघाली’ ही वार्ता घरी येते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, “आपल्या घरात तं कोणी जाडं नाही, मंग हे आलं कुठून?”

हा प्रश्न भाबडा नाही. त्याचे उत्तर शोधण्यात वैद्यकशास्त्राची गेली पन्नास वर्षे खर्ची पडली असून, ते उत्तर पोटाच्या घेरात नव्हे, तर मेदाच्या ऊतीत रक्तवाहिन्यांच्या कडेला दडून राहिलेल्या काही सूक्ष्म पेशींत आणि त्या पेशींना मिळणाऱ्या हुकुमांत सापडते. हे हुकूम देणारी द्रव्ये म्हणजे संप्रेरके. मनुष्य किती खातो यावर त्याच्या मेदाचे प्रमाण अवलंबून आहे हे खरेच. परंतु तो मेद कोठे साठावा, जुन्या पेशी फुगवून साठावा की नव्या पेशी निर्माण करून, आणि ही निर्मिती कोणत्या वेळी व्हावी, हे निर्णय संप्रेरकांच्या अखत्यारीतील आहेत. या अंमलाचे स्वरूप समजून घेणे हाच प्रस्तुत प्रकरणाचा हेतू आहे.

तळाशी बसलेला गाळ

आपल्या प्राचीन वैद्यकाने मेदाची गणना रस, रक्त, मांस, अस्थी, मज्जा आणि शुक्र यांच्या पंक्तीत करून त्याला शरीर धारण करणाऱ्या सप्तधातूंत स्थान दिले होते, आणि चरकसंहितेने अतिस्थूल व अतिकृश या दोघांचाही विचार एकाच अध्यायात केला होता. मेद अधिक असणे आणि मेद अपुरा असणे या दोन्ही विकृतीच होत, ही त्यामागील दृष्टी विसाव्या शतकातील पाश्चात्त्य वैद्यकाला बरीच उशिरा आली. कारण दीर्घकाळपर्यंत मेदाची ऊती म्हणजे उरलेल्या अन्नाचा निर्जीव साठा, एवढीच तिची ओळख होती. १९९४ साली न्यूयॉर्कमधील जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधून काढले, मेदपेशी स्वतःच हे संप्रेरक रक्तात सोडतात आणि त्यायोगे मेंदूला साठ्याचे वर्तमान कळवितात असे निष्पन्न झाले, तेव्हापासून मेद ही हुकूम घेणारी आणि हुकूम देणारीही एक ग्रंथीच आहे, ही गोष्ट सर्वमान्य झाली.

मूलपेशींचा शोध मात्र दुसऱ्या वाटेने लागला. १९६४ साली मार्टिन रॉडबेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदराच्या मेदाचा तुकडा कोलॅजिनेज नावाच्या पाचकद्रव्यात भिजत ठेवून, पेशींना परस्परांशी बांधणारे तंतू विरघळवून टाकले. मग ते मिश्रण चाकावर वेगाने फिरविले असता, ज्यांच्या अंतर्भागात तेलाचा एकच मोठा थेंब असतो आणि ज्यांचे केंद्रक त्या थेंबामुळे एका बाजूस दाबले गेलेले असते, त्या पक्व मेदपेशी तेलाच्या हलकेपणामुळे पृष्ठभागी तरंगू लागल्या, आणि बाकीच्या साऱ्या पेशी नळीच्या तळाशी गाळ होऊन बसल्या. रॉडबेलचे लक्ष वर तरंगणाऱ्या पेशींवर होते. पुढे अन्य संशोधनासाठी, १९९४ साली, नोबेल पारितोषिकाचा वाटेकरी झालेल्या या मनुष्याच्या नळीत तळाशी जे बसले होते, त्याचे महत्त्व यथावकाश उमगले. २००१ साली पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मनुष्याच्या शरीरातून शस्त्रक्रियेने शोषून काढलेल्या आणि एरवी फेकून दिल्या जाणाऱ्या मेदातील हाच गाळ वाढवून दाखविला. त्यातील पेशींना योग्य द्रव्ये पुरविली असता त्यांपासून मेद तर झालाच, परंतु अस्थी, कूर्चा आणि स्नायू यांच्या दिशेनेही त्यांची वाटचाल होऊ शकते असे सिद्ध झाले.

ज्या पेशीने अद्याप आपला व्यवसाय निवडलेला नाही, जी स्वतःसारख्या आणखी पेशी निर्माण करू शकते आणि प्रसंग येताच विशिष्ट रूप धारण करू शकते, ती मूलपेशी. तिच्यातून प्रथम पूर्वमेदपेशी होते. ही मेदाच्या मार्गाला लागलेली असते, परंतु अद्याप तिच्यात तेल भरलेले नसते. तिचे रूपांतर पूर्ण झाले की मेदपेशी तयार होते, आणि एकदा तयार झालेली मेदपेशी पुन्हा विभागत नाही. म्हणजे मेदपेशींची संख्या वाढावयाची तर ती मूलपेशींच्या व पूर्वमेदपेशींच्या द्वारेच वाढू शकते. २००८ साली उंदरांवर झालेल्या संशोधनांत असे आढळले, की या पेशींचा मुक्काम मेदऊतीतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींत असतो. ही जागा मोठी मोक्याची आहे. कारण संप्रेरके रक्तातूनच येतात, आणि जिच्यापर्यंत हुकूम पोहोचावयाचा ती पेशी हुकुमाच्या वाटेवरच तैनात असते.

अणुस्फोटांनी दिलेली साक्ष

प्रौढ मनुष्याच्या देहात या मूलपेशी खरोखर काम करतात काय, हे ठरविणे सोपे नव्हते. जिवंत माणसाच्या मेदपेशीचे वय सांगणार कोण? हे उत्तर स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पॉल्डिंग, पीटर आर्नर आणि योनास फ्रिसेन यांनी, मानवजातीच्या एका भयंकर कृत्याचा शास्त्रासाठी उपयोग करून मिळविले. दुसऱ्या महायुद्धानंतर महासत्तांनी वातावरणात अण्वस्त्रांचे जे स्फोट केले, त्यांमुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बन-१४चे प्रमाण एकाएकी वाढले, आणि १९६३ साली वातावरणातील चाचण्यांवर बंदी आणणारा करार झाल्यानंतर ते क्रमाक्रमाने उतरत गेले. हा कार्बन वनस्पतींत शिरला, वनस्पतींतून अन्नात आला आणि अन्नातून मनुष्याच्या पेशींत. पेशी जन्मते त्या क्षणी तिच्या डीएनएत जो कार्बन बांधला जातो तो पुढे बदलत नाही. तेव्हा डीएनएतील कार्बन-१४ मोजून त्याची हवेतील त्या त्या वर्षीच्या प्रमाणाशी तुलना केली, की पेशीची जन्मतिथी हाती येते.

या मोजणीचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रौढ माणसाच्या मेदपेशींपैकी सुमारे १० टक्के पेशी दरवर्षी मरतात आणि तितक्याच नव्याने जन्मास येतात. बाल्यात आणि पौगंडावस्थेत जी संख्या ठरते ती प्रौढपणी बहुतांशी स्थिर राहते. आणि वजन घटविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या रुग्णांतही, दोन वर्षांनंतर मेदपेशींचे आकारमान घटलेले असते, परंतु त्यांची संख्या घटलेली नसते. उपास करून बारीक झालेला मनुष्य थोड्याशा ढिलाईने पूर्ववत का होतो, याचे एक कारण येथे दिसते: साठा रिकामा झाला तरी साठवणाऱ्या पेशी जागच्या जागी असतात. मेद म्हणजे साचून राहिलेले द्रव्य नसून अखंड नूतनीकरण चालू असलेली ऊती आहे, आणि हे नूतनीकरण कमी-अधिक करण्याची सत्ता ज्यांच्या हाती आहे, त्या संप्रेरकांचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

संप्रेरकांचे तीन हुकूम

मूलपेशीला मेदपेशी बनविण्यास काय लागते, याचा पहिला स्पष्ट उलगडा प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत झाला. १९७४च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स येथे हॉवर्ड ग्रीन यांनी उंदराच्या गर्भापासून मिळविलेल्या पेशींत असा एक वंश हेरला, की जो दाटीवाटीने वाढून थांबला म्हणजे त्यात तेलाचे थेंब भरू लागत. हे रूपांतर नियमाने आणि अल्पकाळात घडवून आणण्याची जी कृती पुढे रूढ झाली, तीत मुख्यतः तीन द्रव्ये असतात: स्वादुपिंडाचे इन्शुलिन, पेशीच्या आतील संदेश विझू न देणारे एक रसायन, आणि करोनाच्या साथीत ज्याचे नाव घरोघर पोहोचले ते डेक्सामेथॅसोन, म्हणजे आपल्या अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा कृत्रिम आणि अधिक प्रखर अवतार. या द्रव्यांत बशीतील पेशी काही दिवस ठेवल्या, की लांबट, चपट्या पेशी गोल होत जातात. त्यांच्यात प्रथम बारीक बारीक थेंब प्रकटतात, ते परस्परांत मिसळून मोठे होतात, आणि तेल रंगविणारा तांबडा रंग घातला असता संपूर्ण बशी नुसत्या डोळ्यांनाही लाल दिसू लागते.

हे तीन हुकूम बाहेरून येतात. पेशीच्या आत त्यांची अंमलबजावणी करणारा मुख्य अधिकारी १९९४ साली ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला. पीपीएआर-गामा या नावाचे हे प्रथिन केंद्रकात राहून मेदपेशीला लागणारी जनुके जागी करते. ते जागे झाले की रूपांतर सुरू होते, आणि ते नसेल तर अन्य कोणत्याही उपायाने मेदपेशी तयार होत नाही. या प्रथिनाची मराठी वाचकाशी एक जुनी गाठ आहे: मधुमेहाच्या अनेक रुग्णांना लिहून दिली जाणारी, जिची विक्री भारत सरकारने २०१३ साली मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून काही आठवडे थांबविली आणि मग इशाऱ्यासह पुन्हा सुरू केली, ती पायोग्लिटाझोनची गोळी याच प्रथिनाला चेतविते. या गोळीने रुग्णाच्या त्वचेखालचा मेद वाढतो, वजनही काहीसे वाढते, आणि तरीही रक्तातील साखर उतरते. मेद वाढला आणि प्रकृती सुधारली, ही गोष्ट आपल्या नेहमीच्या समजुतीला छेद देणारी आहे, आणि तिचा अर्थ प्रकरणाच्या पुढील भागात अधिक स्पष्ट होईल.

इन्शुलिन आणि कॉर्टिसॉल यांच्या जोडीला स्त्रीदेहात इस्ट्रोजेन असते, आणि त्याच्या प्रभावाने मेद नितंब व मांड्यांच्या ठायी त्वचेखाली साठतो. पाळी गेल्यानंतर हा अंमल ओसरतो आणि मेदाचा ओघ पोटाकडे वळतो. घरोघरच्या स्त्रिया आपापल्या देहात हा बदल अनुभवीत असतात आणि त्याबद्दल बहुधा स्वतःच्या खाण्यालाच दोष देत असतात.

एकच आहार, दोन उलट आदेश

हुकूम केवळ ग्रंथींकडूनच येतात असेही नाही. पक्व मेदपेशी स्वतःच आपल्या शेजारच्या मूलपेशींना संदेश पाठवीत असतात, हे २०१६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील ब्रायन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. मेदपेशी अ‍ॅडॅम्ट्स-१ नावाचे एक प्रथिन बाहेर सोडतात. या प्रथिनाच्या प्रभावाखालील पूर्वपेशी संख्येने वाढत राहतात, परंतु मेदपेशीत रूपांतरित होत नाहीत. ‘सज्ज राहा, पण कामावर रुजू होऊ नका’ असाच जणू तो आदेश असतो. कॉर्टिसॉलच्या वर्गातील संप्रेरके वाढली म्हणजे मेदपेशी हे प्रथिन कमी सोडतात, मनाईहुकूम उठतो, आणि रूपांतराचा मार्ग मोकळा होतो.

या शोधातील सर्वांत अर्थपूर्ण भाग आहाराविषयीचा आहे. उंदरांना स्निग्धपदार्थांनी भरलेले अन्न दिले असता, त्यांच्या पोटातील, अवयवांलगतच्या मेदात अ‍ॅडॅम्ट्स-१चे प्रमाण घटले आणि तेथे नव्या मेदपेशी तयार होऊ लागल्या. त्याच उंदरांच्या त्वचेखालच्या मेदात मात्र त्याचे प्रमाण वाढले आणि तेथे नवनिर्मिती झाली नाही. ज्या मनुष्यांनी शास्त्रीय देखरेखीखाली वजन वाढवून घेतले, त्यांच्याही त्वचेखालच्या मेदात या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले दिसले. देह एक, आहार एक, आणि तरीही दोन ठिकाणच्या मूलपेशींना दोन परस्परविरुद्ध आदेश मिळतात. म्हणून अंगावर किती मेद आहे, या प्रश्नापेक्षा तो कोठे आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. आणि वजनकाट्याला त्याचे उत्तर देता येत नाही.

हुकुमाची वेळ

कॉर्टिसॉल हे देहाचा शत्रू नव्हे. पहाटे त्याचा चढ सुरू होतो, सकाळी ते शिखरास पोहोचते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्याचे प्रमाण अगदी अल्प होते. दररोज सकाळी हे संप्रेरक एवढ्या प्रमाणात येत असता आपल्या साऱ्या पूर्वमेदपेशी एकदमच मेदपेशी का होत नाहीत, हा प्रश्न स्टॅनफर्डमधीलच मेरी टेरुएल यांच्या गटाने हाती घेतला आणि २०१८ साली त्याचे उत्तर दिले. बशीतील पूर्वपेशींना हे संप्रेरक अखंड पुरविले तेव्हा त्यांतील बहुसंख्य मेदपेशी झाल्या; तेच मध्ये पुरेशी विश्रांती ठेवून, थोडे थोडे दिले तेव्हा अगदी थोड्यांचेच रूपांतर झाले. मात्रा तीच, वाटणी निराळी, आणि परिणामात जमीनअस्मानाचे अंतर. पेशीच्या आत रूपांतराचा निर्णय पक्का होण्यास काही तास लागतात, आणि तेवढ्यात संप्रेरक ओसरले तर पेशी पुन्हा पूर्वस्थितीला येते. उंदरांच्या अंगात संप्रेरकाचा हा चढउतार पुसून टाकून ते तीन आठवडे सपाट पातळीवर ठेवले असता, अन्न न वाढविताही त्यांचा मेद सुमारे दुपटीने वाढला. उलट दिवसाच्या योग्य वेळी संप्रेरकाचे शिखर कित्येक पटींनी उंचावले तरी तो परिणाम दिसला नाही.

उंदरावरील निष्कर्ष मनुष्यावर जसाच्या तसा लादता येत नाही. परंतु रात्रीची उतरण हीच मेदाला लगाम घालणारी गोष्ट आहे, हे तत्त्व एकदा ध्यानी आले की ग्रामीण जीवनातील काही गोष्टींकडे नव्या दृष्टीने पाहावे लागते. शेतीपंपाची लाईन ज्या आठवड्यात रात्रपाळीची असते, त्या आठवड्यात हरभऱ्याचे ओलित करण्यासाठी शेतकऱ्याला थंडीत आणि अंधारात उभे राहावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत रोही आणि रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी मचाणावर जागलीला जावे लागते. आणि दिवसाची कामे असतातच, तेव्हा झोपेची भरपाई होत नाही. रात्र आणि दिवस यांच्यातील भेद पुसणारी ही जागरणे, त्यांच्या सोबतीला कर्जाची आणि पावसाची चिंता, यांचा भार अधिवृक्क ग्रंथीवर पडत असतो. कष्टाळू माणसाच्या देहातील मेद त्याच्या श्रमामुळे मर्यादित राहतो. परंतु जागरण हा आरोग्याचा प्रश्न आहे, तो केवळ सोयीगैरसोयीचा नव्हे, आणि शेतीला दिवसा वीज मिळावी या मागणीमागे शरीरशास्त्राचेही बळ आहे, असे मला निश्चितपणे वाटते.

दुसरी गोष्ट याहून अधिक निकडीची आहे. गुडघे दुखतात, दम लागतो, अंगात कणकण आहे म्हणून खेड्यापाड्यांत ज्या गोळ्या किंवा सुया चटकन गुण देतात, त्यांपैकी काहींत स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलचे कृत्रिम रूप, असते. दम्याच्या झटक्यात आणि अन्य अनेक विकारांत ही औषधे जीव वाचवितात. कॉर्टिसोनच्या शोधासाठी १९५०चे नोबेल पारितोषिक देण्यात आले, ते यथायोग्यच होते. परंतु वैद्याच्या देखरेखीवाचून ती महिनोन्महिने घेतली असता देहात रात्रंदिवस तोच हुकूम घुमत राहतो. चेहरा गोल होतो, मानेवर आणि पोटावर मेद चढतो, हातपाय मात्र बारीक होतात आणि रक्तातील साखर वाढते. हार्वे कुशिंग या शल्यवैद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे हेच चित्र होय. ज्यांना ही गोळी घेणे भाग आहे त्यांना डॉक्टर ती बहुधा सकाळी घ्यावयास सांगतात, कारण देहाचे स्वतःचे शिखरही त्याच वेळी असते. आणि दीर्घकाळ घेतलेली गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करणे हेही तितकेच धोक्याचे असते, कारण तोवर अधिवृक्क ग्रंथी आपले काम विसरलेली असते.

पुण्याजवळची सहा गावे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे सर्वांत मौलिक उत्तर महाराष्ट्राच्याच मातीतून मिळाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना आपल्या मधुमेही रुग्णांत वारंवार असे दिसे, की पाश्चात्त्य मापाने ज्यांना स्थूल म्हणता येणार नाही अशी, आणि तुलनेने तरुण, माणसे या रोगाने ग्रस्त आहेत. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी एकच. परंतु क्ष-किरणांनी देहाची घटना तपासली असता युडकिन यांच्या अंगातील मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगातील २१.२ टक्के निघाला. वरून सारखे दिसणारे दोन देह आतून किती भिन्न असू शकतात, हे दाखविण्यासाठी याहून सरळ पुरावा देता आला नसता.

हा भेद केव्हा उत्पन्न होतो? १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासाने या प्रश्नाचा माग गर्भाशयापर्यंत नेला. या अभ्यासातील शेतकरी स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते, त्यांची मुले जन्मतः सरासरी २.७ किलोची भरली, आणि त्यांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे जन्मलेल्या, सरासरी ३.५ किलोच्या मुलांशी करण्यात आली. पुण्याकडील मुले प्रत्येक मापात लहान होती. दंडाचा घेर, म्हणजे पर्यायाने स्नायू, पुष्कळच कमी होता, आणि पोटाचा घेर, ज्यात यकृतादी अवयवांची वाढ प्रतिबिंबित होते, तो तर सर्वांत कमी होता. मात्र खांद्याच्या फऱ्याखाली चिमट्याने मोजलेली त्वचेची घडी, म्हणजे तेथील मेद, त्या मानाने जवळजवळ राखला गेला होता. गर्भाला जे तुटपुंजे पोषण मिळाले त्यातून स्नायू आणि अवयव यांची वाढ आखडली, मेद तेवढा सांभाळला गेला. याच गटाच्या दुसऱ्या पाहणीत, लंडनमधील मुलांच्या तुलनेत, पुण्याकडील मुलांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिन अधिक आढळले, आणि वजन एवढे कमी असूनही लेप्टिन कमी आढळले नाही.

पुण्याकडच्या या पाहण्यांत मोजमाप झाले ते त्वचेच्या घड्यांचे आणि रक्तातील संप्रेरकांचे, मूलपेशींचे नव्हे. तरीही मानवी गर्भात मेदपेशींची मांडणी चौदाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, आणि इन्शुलिन हा मूलपेशींना मिळणारा एक मुख्य हुकूम आहे हे आपण वर पाहिलेच आहे. तेव्हा जन्मापूर्वीच ज्याच्या रक्तात हे संप्रेरक चढे आहे, त्या बालकाच्या मेदऊतीची घडण निराळ्या आज्ञेखाली होत असली पाहिजे, हा तर्क सयुक्तिक ठरतो.

पेव भरल्यानंतर

वऱ्हाडात पूर्वी ज्वारी साठविण्यासाठी जमिनीत पेव खणीत असत. पेव मोठे असेल तर सुगीचा सारा माल त्यात सुरक्षित मावतो. पेव लहान असेल तर तेवढाच माल ओटीवर, माजघरात आणि चुलीपाशी रचावा लागतो, आणि मग घरातील व्यवहारच अडतो. त्वचेखालचा मेद हे देहाचे पेव होय. तेथील मूलपेशी हुकूम मिळताच नव्या, लहान आकाराच्या मेदपेशी निर्माण करू शकल्या, तर अधिकचे अन्न निमूटपणे तेथे सामावते आणि रक्तातील साखर व स्निग्धांश ताब्यात राहतात. पायोग्लिटाझोनची गोळी मेद वाढवूनही साखर का उतरविते, याचा उलगडा येथे होतो. परंतु या मूलपेशी अपुऱ्या पडल्या, तर असलेल्याच पेशी वाजवीपेक्षा फुगतात, आणि तरीही जे उरते ते यकृतात, स्नायूंत आणि पोटातील अवयवांच्या भोवती जाऊन साठते, जेथे ते इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. २००७ साली मॉन्ट्रियल येथील अ‍ॅलन स्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दक्षिण आशियातील लोकांची त्वचेखालची साठवणशक्ती मर्यादित असल्याने त्यांचा मेद लवकर आतल्या कोठ्यांत वळतो, अशी उपपत्ती मांडली. आणि त्याच वर्षी टेक्सासमधील मनीषा चांदलिया यांच्या गटाला दक्षिण आशियाई पुरुषांच्या त्वचेखालच्या मेदपेशी गोऱ्या पुरुषांच्या पेशींहून आकाराने मोठ्या आढळल्या. सडपातळ घरात मधुमेह कोठून आला, याचे उत्तर असे आहे: मेद अधिक झाला म्हणून नव्हे, तर मेदाला त्याची योग्य जागा अपुरी पडली म्हणून.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय, हे सांगणे लेखकाचे कर्तव्य आहे. भारतीय वैद्यकतज्ज्ञांनी आपल्या लोकांसाठी स्थूलतेच्या मर्यादा निराळ्या ठरविल्या आहेत, त्या याच कारणाने: वजनाचा निर्देशांक २३च्या पुढे गेला की सावध व्हावे, आणि कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. घरातील शिलाईचा फीत-टेप या कामी वजनकाट्याहून अधिक खरे बोलतो. स्नायू हे रक्तातील साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असल्याने अंगमेहनत सोडू नये. ट्रॅक्टर आला आणि मुलगा मोटारसायकलवर शेतात जाऊ लागला, म्हणजे बापाच्या देहाला जे संरक्षण श्रमाने मिळत होते ते मुलाच्या देहाला मिळत नाही, आणि त्याचा आहार मात्र वाढलेला असतो. रात्रीची झोप ही ऐषाराम नसून संप्रेरकांच्या उताराची वेळ आहे, हे जाणून ती राखावी. आणि झटपट गुण देणाऱ्या सुईत काय आहे, हे विचारल्यावाचून दंड पुढे करू नये.

परंतु सर्वांत मोठे काम याहून आधीचे आहे. पुण्याकडील अभ्यासात असेही दिसून आले, की ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. म्हणून तेथील संशोधकांनी २०१२ साली, त्याच गावांत जन्मलेली आणि आता किशोरवयात आलेली मुलेमुली हाताशी धरून, पुढील पिढी गर्भात येण्यापूर्वीच त्यांना बी-१२ देण्याचा प्रयोग आरंभिला. त्यामागील विचार मला फार मोलाचा वाटतो. मधुमेहाचा बंदोबस्त पन्नाशीतील रुग्णाच्या पथ्यापासून सुरू करण्याऐवजी तो पंधरा वर्षांच्या मुलीच्या ताटापासून सुरू केला पाहिजे; कारण तिच्या पोटी येणाऱ्या बालकाच्या मूलपेशींना पहिले हुकूम तिच्याच रक्तातून मिळणार आहेत. घरातील सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या मुलीला सर्वांबरोबर बसवून दूध, डाळ, अंडे, भाजी यांतील तिचा पुरता वाटा देणे, तिचे लग्न तिचा देह पूर्ण वाढण्यापूर्वी न करणे, आणि गरोदरपणी तिला विश्रांती मिळू देणे, या गोष्टी दयेच्या किंवा रीतीच्या सदरात मोडत नाहीत. त्या पुढच्या पिढीच्या आरोग्याच्या तरतुदी आहेत, आणि त्या करण्यास कोणत्याही नव्या औषधाची वाट पाहण्याचे कारण नाही.